वॉर्डातला पहिला मृत्यू: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची पत्रं

नागपूरच्या रुग्णालयांत पेशंट फक्त शहरातून येत नाहीत. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ आणि तिकडे छिंदवाडा, बालाघाट, शिवनी इथूनही लोक 'मेडिकलला न्या', म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या, म्हणत येतात, आणि पुष्कळदा आजार हाताबाहेर गेल्यावरच येतात. त्यामुळे इथल्या नर्सिंगच्या मुलामुलींना विशीच्या आतबाहेरच मृत्यू अगदी जवळून दिसतो. या महिन्यात काही विद्यार्थी, एक आई आणि एक शिक्षिका यांची पत्रं निवडली आहेत. नर्सिंग शिक्षण आणि उपशामक सेवा (बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणारी सेवा) या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी त्यांना उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग आहे. मृतदेहाची काळजी पुस्तकात वाचली, मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) एकदा केली. पण खऱ्या देहाला हात लावायचा या विचारानेच पोटात गोळा येतो. नेमकं काय करायचं असतं आणि काय चुकतं? (बीएस्सी नर्सिंग, पहिलं वर्ष)

मृत्यूची भीती एकजिनसी नसते. कोलेट आणि लेस्टर या अभ्यासकांनी १९६९ सालीच तिचे चार भाग केले होते: आपण मरणार याची, आपल्याला मरताना त्रास होईल याची, आपलं माणूस जाईल याची आणि दुसऱ्याला मरताना बघण्याची. तुम्ही लिहिलेली भीती या चारांपेक्षा वेगळी दिसते. ती कामाची भीती आहे, आणि कामाची भीती काम नीट कळलं की उतरते. म्हणून सविस्तर सांगतो.

डॉक्टरांनी मृत्यू जाहीर करेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ते टॉर्चने बाहुल्या बघतात, मानेतली नाडी बघतात, स्टेथोस्कोपने हृदयाचे आणि श्वासाचे आवाज ऐकतात आणि ईसीजीची सरळ रेषेची पट्टी काढतात. पट्टीवर नाव आणि वेळ हवी, आणि नर्सिंग नोट्समध्येही तीच वेळ हवी. दोन कागदांवर दोन वेळा पडल्या की त्याचा जाच पुढे नातेवाइकांना होतो.

त्यानंतर इन्चार्ज सिस्टरांना एकच प्रश्न विचारायचा: 'एमएलसी आहे का?' एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल, पोलिसांकडे जाणारी केस. अपघात, भाजणं, विषबाधा, साप चावणं, पडणं, मारहाण किंवा संशय असलेला कुठलाही मृत्यू यात येतो. विदर्भात पावसाळा लागला, शेतात फवारणी सुरू झाली की साप आणि कीटकनाशक या दोन्हींचे पेशंट येतात, म्हणून हा प्रश्न सवयीचा व्हायला हवा. एमएलसी असेल तर घशातली नळी, सलाईनची सुई, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली नळी), कॅथेटर (लघवीची नळी) सगळं जागच्या जागी ठेवायचं. सलाईनचा सेट बंद करून वेगळा करायचा, पण शरीरात गेलेलं काहीही ओढायचं नाही. अंग पुसायचं नाही. कपडे कापून काढले असतील तर ते फेकायचे नाहीत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. इथे सगळ्यात जास्त चूक उत्साही विद्यार्थ्यांची होते. 'स्वच्छ करून देऊ' म्हणून ते भराभर नळ्या काढतात आणि पोस्टमॉर्टेमला लागणारा पुरावाच जातो.

एमएलसी नसेल तर पडदा ओढा, हातमोजे, एप्रन आणि मास्क घाला, आणि दोघी मिळून कामाला लागा. हे काम एकटीने करायचं नसतं. उचलायला दोन माणसं लागतात, शिवाय दागिन्यांना साक्षीदार लागतो.

देह उताणा, सरळ, आणि डोक्याखाली एक उशी. उशी कशासाठी? रक्ताभिसरण थांबलं की रक्त खालच्या भागात साचतं. अर्ध्या ते दोन तासांत तिथे जांभळट डाग दिसू लागतात आणि काही तासांनी ते पक्के होतात. डोकं खाली राहिलं तर ते डाग चेहऱ्यावर येतात, आणि घरच्यांना 'मारलं का कोणी' असं वाटतं. पापण्या बोटाच्या टोकाने हलकेच मिटून अर्धा मिनिट धरा. नाही राहिल्या तर ओला कापूस ठेवा. कवळी असेल तर ती लगेच बसवा, कारण ताठरपणा आधी पापण्या आणि जबड्यातच येतो आणि मग तोंड उघडत नाही. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी पुरते. पट्टी बांधलीच तर सैल बांधा, घट्ट पट्टीचा वळ गालावर राहतो. ताठरपणा एरवी दोन-तीन तासांत जाणवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना, कूलर बंद पडलेल्या वॉर्डात तो त्याआधीच येतो. म्हणून ही सगळी कामं पहिल्या तासातच उरका.

कॅथेटर काढताना आधी १० मिलीच्या सिरिंजने फुग्यातलं पाणी काढायचं. किती पाणी भरलंय ते कॅथेटरवर छापलेलं असतं, तेवढंच परत आलं का ते बघा. पाणी न काढता ओढलं तर आत फाटतं आणि चादरीवर रक्त येतं. सलाईनच्या जागेतून पुष्कळदा रक्त झिरपत राहतं, तिथे बोळा दाबून चिकटपट्टी घट्ट लावा. स्नायू ढिले पडल्याने लघवी-शौच होतं, म्हणून डायपर किंवा पॅड लावायचं. नाका-कानात कापूस घालायची आपल्याकडे रीतच आहे, पण झिरपत नसेल तर तो घातलाच पाहिजे असं नाही. घातलात तर बाहेरून दिसणार नाही इतका आत.

मग कोमट पाण्याने चेहरा, हात आणि पाय पुसा. गालावर नळी बांधलेल्या चिकटपट्टीचा काळा चिकट पट्टा राहिलेला असतो. तो पाण्याने जात नाही आणि घासला तर कातडी सोलते. खोबरेल तेलाचा बोळा दोन मिनिटं ठेवला की तो सुटून येतो. केस विंचरा. नातेवाईक आत आल्यावर सगळ्यात आधी चेहराच बघतात.

ओळखपट्ट्या दोन, एक मनगटाला किंवा घोट्याला आणि एक चादरीवर. दोन्हींवर नाव, वय, लिंग, आयपी (दाखल रुग्णाचा) नंबर, वॉर्ड, तारीख आणि वेळ हवी. दागिन्यांची नोंद करताना 'सोन्याची बांगडी' लिहायचं नाही, 'पिवळ्या धातूची बांगडी' लिहायचं. सोनं आहे की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही, आणि पुढे वाद झाला तर हाच शब्द तुम्हाला वाचवतो. दोन सिस्टरांची आणि नातेवाइकाची सही घ्या. मंगळसूत्र घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

पहिल्या वेळी यातलं एकच काम मागून घ्या. चेहरा पुसणं किंवा केस विंचरणं. बाकीचं सिस्टर करतील, तुम्ही बघा.

प्रश्न: मृत्यूनंतर दीड तासाने आम्ही आजोबांना कुशीवर वळवलं तर त्यांच्या तोंडातून 'हं' असा आवाज आला. मी ट्रे टाकून पळाले. सगळे हसले. दहा दिवस झाले, झोपेत तोच आवाज ऐकू येतो. ते जिवंत तर नव्हते ना? (जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, पहिलं वर्ष)

नव्हते. मृत्यूनंतरही फुप्फुसांत हवा शिल्लक असते. देह वळवताना छाती दाबली जाते, ती हवा स्वरयंत्रातून बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरांनी नाडी, हृदय, बाहुल्या आणि ईसीजी तपासलेलं असतं, आणि हा आवाज त्या तपासणीला खोटं ठरवत नाही. वळवताना देह सावकाश वळवा, तोंडावर एक घडी घातलेला रुमाल ठेवा आणि आपला चेहरा त्याच्या अगदी समोर आणू नका.

असं दचकवणारं आणखीही काही असतं, ते आधीच ऐकून ठेवा. मरणापूर्वी श्वास वाढत जातो, मग मंदावतो, मग तीस-चाळीस सेकंद बंदच होतो आणि पुन्हा सुरू होतो. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात, आणि नवशिक्याला प्रत्येक खंड शेवटचाच वाटतो. घशात घरघर होते ती गिळता न आलेल्या स्रावाची. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, पण बेशुद्ध पेशंटला सहसा तिचा त्रास होत नसतो. त्याला कुशीवर केलं की ती पुष्कळ कमी होते, वारंवार सक्शन केलं, म्हणजे नळीने स्राव ओढून काढला, तर उलट वाढते. आयसीयूत मेंदू मृत झालेल्या पेशंटचे हात क्वचित आपोआप छातीकडे येतात. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो.

जे हसले त्यांनी चूक केली. तुमच्या ट्यूटरना हे पत्रात लिहिलंत तसंच सांगा. दहा दिवस स्वप्न पडणं अगदी नेहमीचं आहे. महिना उलटूनही झोप लागत नसेल, किंवा त्या वॉर्डाच्या दारातच छाती धडधडत असेल, तर मानसोपचार विभागाच्या ओपीडीत दाखवा.

प्रश्न: पेशंट पूर्ण बेशुद्ध असेल, काही तासांचाच असेल, तर त्याच्याशी बोलायचं का?

हो. नाव घेऊन, काय करणार ते सांगून. 'काका, तोंड पुसते आता.' ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०२० सालच्या ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) अभ्यासात शेवटच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूने आवाजांची दखल घेतल्याचं दिसलं. त्यांना अर्थ कळतो का, हे त्यावरून ठरत नाही. पण 'हा आता संध्याकाळपर्यंतचाच आहे' असं खाटेजवळ बोलू नये, इतकं तरी नक्की ठरतं.

प्रश्न: कॅज्युअल्टीत सीपीआरसाठी, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबायला, हात लावायला सांगितलं. दाबताना फासळी मोडल्याचं हाताला कळलं. वीस मिनिटांनी पेशंट गेला. माझ्यामुळे का? (बीएस्सी नर्सिंग, तिसरं वर्ष)

तुमच्यामुळे नाही. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तितकी दाबली की फासळ्या मोडतात, उतारवयात तर हमखास. फासळी मोडल्यावर हात हलका करणं ही खरी चूक असते, कारण मग मेंदूपर्यंत रक्त पोचत नाही. तुम्ही सीपीआर सुरू केलात तेव्हा हृदय थांबलेलंच होतं. अमेरिकेतल्या सुसज्ज रुग्णालयांतही आत दाखल असताना हृदय थांबलेल्यांपैकी साधारण चारांतला एकच घरी जातो. टीव्हीवर मात्र जवळपास प्रत्येक जण उठून बसतो, आणि विद्यार्थी नकळत तेच मनात धरून वॉर्डात येतात.

पुढच्या वेळेसाठी: दर दोन मिनिटांनी माणूस बदला. 'मी दमलेय' म्हणायला लाजू नका, दमलेले हात उथळ दाबतात. आणि सीपीआर थांबवायचा निर्णय नेहमी डॉक्टरांचा असतो. पेशंट तुमच्या हातातून गेला असं मनात धरू नका.

प्रश्न: माझ्या बॅचच्या मुली रडल्या. मला काहीच वाटलं नाही. तासाभराने मी मेसमध्ये पोटभर जेवले. मी दगड आहे का?

नाही. समोर काम असताना मन पुष्कळदा भावना मागे ठेवतं. त्या नंतर येतात, कधी बसमध्ये, कधी चार दिवसांनी घरी फोन करताना. काहींना येतच नाहीत, कारण त्यांनी मृत्यू हा जगण्याचा भाग म्हणून आधीच स्वीकारलेला असतो. अभ्यासक याला तटस्थ स्वीकार म्हणतात. शेतकरी घरांतल्या, आजी-आजोबांचं जाणं घरातच पाहिलेल्या मुलामुलींत तो दिसतो.

काळजी दोन गोष्टींची करायची. जिवंत पेशंटबद्दलही काही वाटेनासं झालं, त्यांचा हात ओढून सुई लावली जाऊ लागली, तर तो थकवा आहे आणि सुट्टी हवी आहे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: 'सुटला बिचारा' हे पेशंटबद्दल म्हणता म्हणता स्वतःबद्दल वाटू लागलं, तर त्याच दिवशी बोला. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

प्रश्न: मुलगी जीएनएमला आहे. वॉर्डात कोणी गेलं की ती सांगते आणि सासूबाई तिला दारातच उभी करतात. आंघोळीशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, देवघरात तीन दिवस बंदी. ती हल्ली घरी काही सांगतच नाही. मी काय करू? (एक आई, महाल)

ताई, आंघोळीला आमचीही हरकत नाही. पण ती रोज हवी, कोणी गेलं असो वा नसो, कारण जंतू जिवंत पेशंटकडूनही येतात. तिने वॉर्डातून निघतानाच साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत, युनिफॉर्म तिथेच बदलून वेगळ्या पिशवीत आणावा आणि तो घरच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. एवढं केलं की घरात येऊ नये असं काही उरत नाही.

सासूबाईंना मात्र जंतूंचं सांगून पटणार नाही, कारण त्यांचा मुद्दा सुतकाचा आहे. त्यांना त्यांच्याच बाजूने सांगा. सुतक भाऊबंदांना लागतं. आणि जुन्या स्मृतिग्रंथांनीही वैद्यांना त्यांच्या कामापुरतं 'सद्यःशौच' सांगितलं आहे, म्हणजे ते लगेच शुद्ध. नर्सचं काम वेगळं कसं धरायचं?

आणि 'थांब तिथेच' या शब्दांऐवजी 'पाणी तापलंय, आधी आंघोळ कर, मग जेवायला बस' असं म्हणून बघा. मुलगी बोलायची थांबली आहे, यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

प्रश्न: नातेवाईक माझ्याच अंगावर येतात, 'सिस्टर, काय झालं?' मी काय बोलू? चुकीचं बोलले तर? (बीएस्सी नर्सिंग, दुसरं वर्ष)

मृत्यूची बातमी डॉक्टरांनी द्यायची असते, विद्यार्थ्याने नाही. 'डॉक्टर आत्ता येऊन सांगतात, तुम्ही इथे बसा' एवढं म्हणा आणि खरोखरच डॉक्टरांना घेऊन या. मृत्यू झाल्यावर 'सिरीयस आहे' म्हणून वेळ काढणं हे सगळ्यात घातक. खोटं पाच मिनिटांत उघड होतं आणि मग पुढचा प्रत्येक शब्द खोटा वाटतो.

डॉक्टरांनी सांगून झाल्यावरही तोच प्रश्न पुन्हा येतो, तेव्हा 'गेले' म्हणू नका. सतत पेशंट हलवणाऱ्या दवाखान्यात त्यावर 'कुठी गेले? एक्सरेले नेलं का?' असाच प्रश्न येतो. 'त्यांचं निधन झालं आहे' म्हणा, हिंदीत 'उनकी मृत्यु हो गई है'. मग गप्प उभं राहा. खुर्ची द्या, पाणी द्या. 'देवाची इच्छा', 'वय झालंच होतं' हे त्यांना म्हणू द्या, तुम्ही म्हणू नका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. मात्र त्यांनाच तुमचं सांत्वन करावं लागेल इतकं रडू आलं तर सिस्टरांना सांगून पाच मिनिटं बाजूला जा.

'तुमच्याकडे काय करतात?' हा प्रश्न विचारा, आडनावावरून ठरवू नका. कोणाला तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालायचं असेल. मुस्लिम घरांत चेहरा किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला), आपल्याकडून पश्चिमेला, करतात आणि आंघोळ त्यांचीच माणसं घालतात. बौद्ध कुटुंबाला खाटेशी उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणायचं असेल. गडचिरोलीकडच्या गोंड कुटुंबांत पुरायची रीत आढळते. शीख पेशंटचं कडं काढू नका. यातल्या बहुतेक गोष्टींना दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

त्यांचे पुढचे प्रश्न व्यवहाराचे असतात. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टर भरतात. नोंदणी २१ दिवसांत व्हायची असते, आणि दवाखान्यातल्या मृत्यूची माहिती दवाखानाच कळवतो. त्यांनी फक्त नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी ताडून बघायचं, कारण एक अक्षर चुकलं तर विम्याला आणि बँकेत फेऱ्या पडतात. शहरातच अंत्यसंस्कार करायचे असतील तर मोक्षधाम, गंगाबाई, अंबाझरी, मानेवाडा यांतला जवळचा घाट सांगा. दीडशे किलोमीटरहून लांब जायचं असेल तर निघण्यापूर्वी पॅड बदलून द्या आणि उन्हाळ्यात बर्फाच्या पेटीची सोय विचारायला सांगा.

प्रश्न: मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. मृत्यूबद्दलची माझ्या वर्गाची वृत्ती मोजता येईल का? आणि एका तासाच्या लेक्चरने ती बदलते का?

मोजता येते. मरणासन्न रुग्णाच्या काळजीबद्दलची फ्रॉमेल्ट यांची मापनी यासाठी नेहमी वापरली जाते. तीस विधानं असतात, प्रत्येकाला पाचपैकी एक उत्तर. निम्मी विधानं उलट अर्थाची असल्याने त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात. एकूण ३० ते १५०, जास्त म्हणजे वृत्ती जास्त अनुकूल. घाईत उलटी विधानं तशीच मोजली जातात आणि सगळा वर्ग मधोमध आलेला दिसतो. मराठी भाषांतर केलंत तर दुसऱ्या कोणाकडून ते परत इंग्रजीत करून मूळाशी ताडा. कागदावर नाव नको, आणि त्याचे गुण इंटर्नल असेसमेंटला तर मुळीच नकोत. नाहीतर मुली तुम्हाला आवडेल ते लिहितील.

एका लेक्चरने फारसा फरक पडत नाही. क्युबलर-रॉस यांच्या १९६९ सालच्या पाच अवस्था पाठ होतात, पण विद्यार्थी त्या जिन्याच्या पायऱ्या समजतात आणि 'हे अजून रागातच का आहेत' म्हणून पेशंटवरच वैतागतात. अवस्था पुढेमागे होतात, काही येतच नाहीत, हे त्याच तासाला सांगा.

फरक पडतो तो मृत्यूनंतर पंधरा मिनिटं एकत्र बसून बोलण्याने. त्याच शिफ्टमध्ये, ओव्हर देण्यापूर्वी (पुढच्या पाळीला काम सोपवण्यापूर्वी), चहाच्या खोलीत पाच-सहा जणींना बसवा. काय घडलं ते एकीने क्रमाने सांगायचं. मग कोणता क्षण डोळ्यांसमोर राहिला ते प्रत्येकीने एका वाक्यात. मग कुठे काय कळलं नाही, त्याचं उत्तर तुम्ही लगेच द्यायचं: आवाज का आला, नळी का काढली नाही, औषध का थांबवलं. चुका शोधायची ही जागा नाही, त्या दुसऱ्या दिवशी आणि एकटीला सांगा. कोणाला बोलायचं नसेल तर तिला बसू द्या. शेवटी त्या रात्री कोण कोणासोबत हॉस्टेलवर जाणार ते ठरवा, आणि जिचा पहिलाच मृत्यू होता तिला दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही स्वतः फोन करा. पहिल्या रात्री बहुतेक जणी 'मी ठीक आहे' असंच सांगतात.